स्मोकरच्या कपाळी कुंकू

आमच्या घरात माझ्या शब्दावर विकत आणलेली पहिली वस्तू म्हणजे कोळशावरचा स्मोकर, धुरात मांस शिजवायची भट्टी. त्याआधी माझ्या शाळेच्या दप्तराचा रंगसुद्धा मामाने ठरवला होता.

भंडारदऱ्याच्या पाण्याकडेला आमचं एक खाचर आहे. भात निघाला की आण्णा, म्हणजे माझे वडील, तिथे चार तंबू लावतात आणि पुण्याची माणसं त्यात झोपायला येतात. स्वतःचं पक्कं घर सोडून ही माणसं पैसे देऊन कापडात का झोपतात, हे आईला अजून कळलेलं नाही. मागच्या हिवाळ्यात एका पाहुण्याने फोनवर विचारलं, "स्मोक्ड चिकन मिळेल का?" आण्णा हो म्हणाले. आण्णा कशालाही आधी हो म्हणतात आणि मग मला फोन करतात.

मी राहुरीला अन्नतंत्रज्ञान शिकते. घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच, त्यामुळे फ्रीजच्या घरघरीपासून आधार कार्डाच्या दुरुस्तीपर्यंत सगळे प्रश्न माझ्याकडे येतात. मी उत्तर देते, मग सगळे मामाला विचारतात आणि मामा सांगेल तसं करतात. या वेळी मात्र आण्णा म्हणाले, "ह्यातलं मामाला बी कळत न्हाई. तू सांगशील ते घिऊ. फकस्त लई महाग नको."

मी तीन दिवस 'नवशिक्यांसाठी स्वस्त स्मोकर' अशा मथळ्याचे लेख वाचले. ते लिहिणाऱ्यांच्या घरामागे हिरवळ असते आणि हिरवळीवर कुत्रं असतं. ते ज्याला स्वस्त म्हणतात, त्यात आमच्याकडे दुभती शेळी करडांसकट येते. मांसाचा एकच गोळा ते बारा तास धुरात ठेवतात आणि शेजारी खुर्ची टाकून बसतात. बारा तास विस्तवापाशी नुसतं बसणाऱ्याला आमच्याकडे नवशिका म्हणत नाहीत, रिकामटेकडा म्हणतात.

तरी वाचून एवढं समजलं. आडवं पिंप आणि बाजूला जाळाची पेटी, असा एक प्रकार असतो. तो दिसतो रुबाबदार, पण स्वस्तातला घेतला तर पत्रा पातळ निघतो आणि धूर प्रत्येक सांध्यातून बाहेर पडतो. दुसरा गोल, बुटका. तो भाजायला चांगला, पण त्यात मंद आच धरून ठेवायला सरावलेला हात लागतो. तिसरा उभा. तळाला कोळसा, त्यावर पाण्याचं भांडं, त्यावर जाळ्या. मधलं पाणी आच एकदम चढू देत नाही, म्हणजे शिकणाऱ्याच्या चुका ते पोटात घेतं. मी हा उभा निवडला. झाकण घट्ट बसतं का, हवेची झडप खाली आणि वर दोन्हीकडे आहे का, कोळसा घालायला वेगळं दार आहे का आणि झाकणावर तापमानाचा काटा आहे का, हे चार मुद्दे वहीत लिहिले आणि पानाचा फोटो आण्णांना पाठवला. आण्णांनी तो मामाला दाखवला.

मामाचा मेसेज आला, "डांबराचं पिंप फुकाट मिळतं की."

"मामा, त्यात कोंबडीचा रस्ता होईल," असं मी लिहिलं. मग ते पुसलं आणि "बघू मामा" असं पाठवलं.

पण आण्णा बधले नाहीत. "पोरीनं सांगितलंय तेच आनायचं," म्हणाले. यावर मामा म्हणाला, "आना. शिकलेल्यांची कोंबडी कशी लागती ते बघू." म्हणजे आता कोंबडीबरोबर मीही शिजणार होते. ही फसली असती तर पुढे माझ्या शब्दावर घरात चमचाही आला नसता.

रविवारी दुपारी आठ पाहुणे जेवायला होते. मी शनिवारीच घरी आले, नटबोल्ट आवळले, कोळसा निवडून ठेवला. सकाळी आत्या पूजेचं ताट घेऊन आली. आमच्याकडे नव्या वस्तूची पूजा होते. मोटारीच्या स्टार्टरचीही झाली होती. आत्याने नारळ फोडला आणि स्मोकरकडे निरखून पाहिलं. झाकणाच्या मधोमध काट्याची गोल तबकडी होती. आत्याला ते कपाळ वाटलं. तिने हळद-कुंकू पाण्यात कालवून असं सढळ हाताने लावलं की अख्खी तबकडी भरली, आणि वर अक्षता चिकटवल्या.

मी फडकं उचललं आणि परत ठेवलं. सवाष्णीने लावलेलं कुंकू पुसायचं कसं?

कोळसा पेटला. झाकण तापलं तसं कुंकू काचेवर वाळून पक्कं बसलं. मामा समोर खुर्ची टाकून बसला होता.

"किती डिग्री हाय, मॅडम?"

"एकशे दहाच्या आसपास," मी म्हणाले. माहीत नसलेली गोष्ट ठाम आवाजात सांगायची, हे कॉलेजात न शिकवता येतं.

मला वाटलं आच जास्त होतेय, म्हणून खालची झडप निम्मी लावली. धूर तरी येतच होता. तासाभराने उरलेली लावली. एक वाजता पाहुणे पानावर बसले, तेव्हा आत कोळसा विझला होता आणि कोंबडी वरून सोनेरी, हाडापाशी गुलाबी होती.

आईने सुरी घेतली, तुकडे केले आणि चुलीवर चांगले खरपूस शिजवून वाढले. पाहुण्यांनी बोटं चाटली. एक ताई म्हणाल्या, "हा स्मोकी फ्लेवर चुलीवर येतच नाही." मग त्यांनी विझलेल्या स्मोकरचा व्हिडिओ काढला. मामाने तंगडी संपवून हात धुतले. "मशीन बरं हाय," म्हणाला.

भांडी घासताना आई मला हळूच म्हणाली, "फुडच्या येळी त्याला निस्ता धूर करू दे, शिजवाया चूल हाय."

आण्णांनी मला बाजूला घेतलं. अर्धेकच्चे तुकडे चुलीपाशी त्यांनीच नेले होते. "निवडायला चुकलीस का?"

"नाही आण्णा. स्मोकर बरोबर आहे."

"मंग?"

आत्या ऐकू जाईल एवढ्यावर सुपारी कातरत बसली होती. "बघते," मी म्हणाले.

आठवडाभर मला झालेल्या गोष्टीपेक्षा त्या 'बघते'चीच जास्त लाज वाटली. पुढच्या रविवारी पुन्हा पाहुणे होते. कोळसा पेटवायच्या आधी मी ओलं फडकं घेतलं आणि आत्या समोर असताना तबकडी घासायला लागले. कुंकू लवकर निघेना.

"पुसतीस व्हय?" आत्या म्हणाली.

"आत्या, याच्याखाली काटा आहे. तो दिसल्याशिवाय आच कळत नाही. मागच्या वेळी म्हणूनच कच्चं राहिलं."

आत्याने अडकित्ता खाली ठेवला. "मंग तवाच सांगायचं ना, येडे. पायाला लावलं असतं." ती उठली, ताट आणलं आणि स्मोकरच्या तिन्ही पायांना बोट लावून परत सुपारी कातरायला बसली.

मामा नेहमीच्या खुर्चीत येऊन बसला. "किती डिग्री हाय, मॅडम?"

मी वाकून काटा पाहिला. "पंच्याण्णव. आच कमी आहे. मामा, पाटीभर कोळसा आणा."

मामाने आण्णांकडे पाहिलं. आण्णा कोंबडीला मसाला चोळत होते, त्यांनी मान वर केली नाही. मग मामा उठला आणि कोळसा आणायला गेला.