वीतभर उघडी खिडकी

हिवाळ्यात माझा अर्धा जीव एकच गोष्ट सांगण्यात जातो. भोरमध्ये मी एसी बसवतो, दुरुस्त करतो. थंडीत खोली गरम करणारे एसी इथं फार घरांत नाहीत, पण ज्यांच्याकडे आहेत ते फोन करून डोकं खातात. आवाज बारीक झाला, बंद पडला वाटतं. बंद पडलेला नसतो. इन्व्हर्टर एसीची तीच रीत. खोली गार असली की बाहेरचा कॉम्प्रेसर जोरात पळतो. आपण लावलेल्या आकड्याजवळ ऊब आली की तो आपणहून वेग कमी करतो आणि भिंतीदारांतून जाते तेवढीच ऊब भरून काढत सावकाश चालत राहतो. हे सांगून सांगून मी कंटाळलोय.

गेल्या हिवाळ्यात आईला डोंगरातल्या आमच्या गावाहून, पासलीहून माझ्याकडे आणलं. जन्म चुलीपुढं गेलेला, त्या धुरानं छाती कामातून गेली होती. डॉक्टर म्हणाले, धूर नको आणि गारठाही नको, एवढा हिवाळा नीट पार पडला पाहिजे. मी एकटाच एका खोलीत राहतो. एका गिऱ्हाइकानं काढून टाकलेला गरम-थंड एसी नीट करून बसवला, पंचवीसवर ठेवला. गरम हवा छताशी जाऊन बसते आणि आई तर जमिनीवर झोपणार, म्हणून वाऱ्याची पट्टी खाली वळवली.

तरी सकाळी तिचे पाय गारच. खोकला वाढत चालला. कॉम्प्रेसर मात्र मंद व्हायचं नाव घेईना, सारखा पूर्ण वेगानं पळायचा. दिवसभर लोकांचे एसी उघडायचे आणि घरी येऊन परत स्वतःचा. जाळी धुतली, गॅस तपासला, खोलीची ऊब मोजणारा सेन्सर बदलला. काही सापडेना. आई खंगत होती आणि माझी विद्या कामाला येत नव्हती, याचा मला मनस्वी राग यायचा.

एका रविवारी सकाळी थर्मामीटर घेऊन खोलीतच बसलो. आकडा चढला, कॉम्प्रेसर मंदावला. मी चहा टाकायला बाहेरच्या पडवीत गेलो. कप घेऊन येतो तोवर तो पुन्हा जोरात. पडदा सारला तर खिडकी वीतभर उघडी, मिटू नये म्हणून फटीत लाकडाची ढलपी.

"आये, ही कुणी उघडली?"

"म्या. ऊब करायची म्हंजी धुराला वाट नको व्हय?"

आमच्या डोंगरातल्या घरांत चुलीला काडी लावण्याआधी हात खिडकीकडं जातो. हे मला सुचायला हवं होतं. पण मी थकलो होतो, आणि थकलेला माणूस आईवरच ओरडतो.

"हितं काय जळत न्हाई. ते भायेरच्या हवेतली ऊब ओढून आत आनतंय. आन् तू ती परत भायेर घालवतीस."

"भायेर तर काकडतंय. तितं कुठली आलीय ऊब?"

गार हवेतही थोडी ऊब असते, मशीन तीच गोळा करतं, हे समजावण्याचं त्राण माझ्यात नव्हतं. मी म्हणालो, "धूर दिसतोय का तुला कुठं?"

"दिसत न्हाई. पर तू उठल्यापास्नं खोकतोस. माझी छाती गेली ती गेली. तुझी कशाला जायला पायजे?"

खिडकीखालची जागा तिनंच मागून घेतली होती. तिथं गारठ्यात पडून ती नसलेला धूर माझ्यासाठी बाहेर घालवत होती. मला माझीच लाज वाटली.

"ती धूळ हाय, कामावरची," एवढंच म्हणालो आणि खिडकी लावून घेतली. तिनं लावू दिली. मग मला जवळ बसवलं, पाठीवर हात ठेवला, आणि माझा श्वास कसा चालतोय ते बराच वेळ बघत राहिली.