रेषाताई दुपारी कुठे असायच्या

जेवणाच्या सुट्टीत रेषाताई आणि मशीनवाले भाऊ इस्पितळाच्या तळघरातल्या खोलीत स्वतःला कोंडून घेतात, ही बातमी फुटली ती कॅन्टीनमध्ये. फोडणाऱ्या अर्थातच कॅन्टीनच्या काकू.

"आत जाताना कानात डूल, केसांत पिना, सगळं जिथल्या तिथे. बाहेर येताना डूल मुठीत, केस मोकळे, गालावर वळ! आणि चेहरा कसा, तर अर्धवट झोपेतून उठल्यासारखा. आता मी पामर काय बोलणार?" असं म्हणून काकू पुढे बराच वेळ बोलत.

रेषाताईंचं लग्न राहून गेलेलं, भाऊ विधुर. बातमीला मीठमसाला आयताच मिळाला.

रेषाताईंचं खरं नाव सगळे विसरले होते. दिवसभर पडद्यावर रेषा बघायच्या म्हणून रेषाताई. मेंदूतल्या पांढऱ्या भागात बारीक तंतूंच्या जुड्या असतात, एका कोपऱ्याचा निरोप दुसऱ्या कोपऱ्याला पोचवणाऱ्या. तिथलं पाणी तंतूला आडवं फारसं सरकत नाही, त्याच्या लांबीनं सरकतं. एमआरआय मशीनला तंतू दिसत नाहीत, पाण्याचा कल तेवढा कळतो; त्यावरून संगणक वाटा आखतो. डावी-उजवीकडच्या तांबड्या, पुढेमागे जाणाऱ्या हिरव्या, खालीवर जाणाऱ्या निळ्या. त्यातल्या खोट्या वाटा पुसायच्या, हे रेषाताईंचं काम. पुसता पुसता त्यांची तंद्री लागायची. समोर मेंदू नाही, धुक्यातलं गाव आहे. पाण्याचे थेंब गल्ल्यागल्ल्यांतून सावकाश, एकमेकांना वाट देत निघालेत. शेजारचा फोन वाजून वाजून गप्प व्हायचा.

अशात तिथे भरती झाला लिलाववाला. जुन्या सामानाचा लिलाव पुकारणारा हा माणूस श्वास न घेता बोलायचा, आणि बोलताना मान, हात, भुवया सगळं हलवायचा. डोक्यात गाठ निघाली ती नेमकी बोलण्याच्या जुडीजवळ. गाठीकडे जायला एक जवळचा रस्ता होता. पण त्या रस्त्यात दोन वाटा भेटत होत्या. भेटून एकमेकींना ओलांडत होत्या, की नुसता खांदा घासून आपापल्या दिशेला वळत होत्या? ओलांडत असतील, तर बोलण्याची वाट सुरीखाली येणार.

"हो की नाही, एवढंच सांगा," सर्जनबाई म्हणाल्या.

"आज नाही सांगता येत, मॅडम. पाणी अजून पुष्कळ दिशांनी तपासायला हवं."

"मग तपासा की!"

"त्याला वेळ लागतो. आणि या गृहस्थांचं डोकं स्थिर राहील तर शपथ."

रेषाताईंनी भाऊंना कोपऱ्यात गाठलं. काहीतरी कुजबुजल्या. भाऊंनी मान डोलावली. सर्जनबाईंची परवानगी मिळाली आणि त्याच दुपारपासून ते दार बंद होऊ लागलं.

आत काय चालायचं? आधी बाहेरचं ऐका.

"काय हो ताई, गालावर काय रुतलं?" काकूंनी भर कॅन्टीनमध्ये विचारलं.

"उशी," रेषाताई म्हणाल्या.

कॅन्टीनभर हशा. रेषाताईंनी चहा ढवळला. सांगायची सोयच नव्हती. काकू म्हणजे लिलाववाल्याची थोरली बहीण. 'अजून नक्की नाही' हे काकूंना कळलं की त्याला कळणार, आणि तो आधीच एकदा पायात चपला सरकवून पळायच्या बेतात सापडला होता.

दुपारी डोळे मिटले की रेषाताईंना चहूकडून ठकठक ऐकू यायची, मग घरघर, कुणी पत्र्यावरून चालत गेल्यासारखी. हळूहळू आवाज विरघळायचे आणि त्या धुक्यातल्या गावात उतरायच्या. दोन गल्ल्या भेटतात त्या चौकात उभ्या राहायच्या. थेंब यायचे, जवळ यायचे, आता वळतील की सरळ जातील म्हणून त्या वाकून बघायच्या, तोच भाऊ उठवायचे.

शेवटी एके दिवशी लिलाववाल्याला पुन्हा मशीनमध्ये घातलं. भाऊंनी माइकवरून बजावलं, "लिलाव पुकारा, पण मनातल्या मनात. डोकं हललं की माल गेला!"

गडी दगडासारखा पडून राहिला.

पडद्यावर रेषा उमटल्या. रेषाताईंनी बराच वेळ पाहिलं. तांबडी वाट हिरवीला ओलांडून सरळ पलीकडे जात होती. "मॅडम, इथून जाऊ नका," त्या म्हणाल्या.

सर्जनबाई लांबच्या रस्त्याने गेल्या. शुद्धीवर आल्यावर लिलाववाल्याने आधी भुवया हलवल्या, मग हात. काकूंनी पदर तोंडाला लावला. मग तो म्हणाला, "अक्का, तुझ्या कॅन्टीनचा चहा नको हं आणूस."

काकू रडल्या, हसल्या, आणि रेषाताईंकडे येऊन हळूच म्हणाल्या, "पण ताई, ते दुपारचं काय होतं?"

ते होतं ते असं. जास्त दिशांचा, पण लवकर संपणारा स्कॅन जमतो का, हे बघायला रेषाताई स्वतः मशीनमध्ये झोपायच्या आणि भाऊ काचेपलीकडून मशीन चालवायचे. आत धातू चालत नाही म्हणून डूल आणि पिना काढाव्या लागत. गालावरचे वळ डोकं हलू नये म्हणून लावलेल्या उशांचे होते. दोघांत दुसरं काहीही नव्हतं.