सल्लागाराचं साउंड कार्ड

त्याला नात्यातले सगळे सल्लागार म्हणत, आणि तोंडावर म्हणत, कारण त्याला ते आवडायचं. पोटासाठी तो एका मोठ्या गोदामाच्या खरेदी विभागात बसायचा. बोल्ट, चिकटपट्ट्या, खोकी, ढकलगाड्यांची चाकं. काय घ्यायचं ते साहेब ठरवत आणि याने फक्त मागवायचं. तिथे कोणी त्याचं मत विचारत नसे, त्याची भरपाई तो घरी करून घेई. कोणाला पंखा घ्यायचा असो, फ्रिज असो, गादी असो, सल्लागार हजर. बोलावलं नाही तरी हजर.

त्याची एक पद्धत होती. समोरच्याला काय हवंय ते तो विचारत नसे, बाजारात सगळ्यात चांगलं काय आहे ते शोधत असे. या दोन्ही गोष्टी एकच, असं त्याला अगदी मनापासून वाटे. सासूबाईंना बातम्या ऐकायला साधा रेडिओ हवा होता. त्याने असा आणून दिला की त्याला बटणंच बटणं. सासूबाईंनी आठवडाभर झटापट केली, मग त्यावर रुमाल टाकून फुलदाणी ठेवली. पण आपला जावई हुशार आहे, हे त्या शेवटपर्यंत सांगत राहिल्या. अशा कौतुकावर माणूस फुगतो, आणि सल्लागार आधीच अर्धा फुगलेला होता.

त्याचा थोरला भाऊ, दादा, व्हायोलिन वाजवायचा. नाट्यगृहाच्या वाद्यवृंदात, रंगमंचापुढच्या खोलगट जागेत, प्रेक्षकांना फक्त डोक्याचा वरचा भाग दिसेल अशा बेताने बसून त्याने उमर काढली. जलद वाजवणारे त्याच्याहून सरस बरेच होते. दादाचं नाव होतं ते लांब सुरासाठी. गज या टोकापासून त्या टोकापर्यंत तो इतका सावकाश आणि इतका सारखा ओढायचा की सूर कधी लागला आणि कधी विरला, ते सांगता येत नसे. नाटकात कोणी मरायला टेकलं की दादाचा सूर लागे. "आमच्या दादाने जितकी माणसं पोचवलीत, तितकी डॉक्टरांनीही नसतील पोचवली," असं सल्लागार पाहुण्यांना सांगायचा. गाण्याबजावण्यातलं त्याला ओ की ठो कळत नव्हतं, पण भावाचा अभिमान होता. तेवढं त्याच्या बाजूने लिहून ठेवायला हवं, कारण पुढे फार काही लिहिण्यासारखं नाही.

मग नाट्यगृहाने ध्वनिमुद्रित संगीत आणलं आणि वादकांना घरी पाठवलं. दादाने घरी शिकवण्या घेतल्या. मुलं येत, वर्षभर तारा खरवडत आणि परीक्षेचं निमित्त काढून बंद होत. शेवटी खोलीत खुर्च्या उरल्या, शिकणारं कोणी उरलं नाही. अशात एका संगीत विद्यालयाची जाहिरात आली. हे विद्यालय संगणकावरून शिकवायचं, त्यांना व्हायोलिनचा शिक्षक हवा होता, आणि वयाची अट नव्हती. चाचणीही संगणकावरूनच होणार होती.

दादा त्याबद्दल काही बोलला नाही. बोलली ती वहिनी, सल्लागाराला जिन्यापर्यंत पोचवायला आली तेव्हा. "भाऊजी, हे काम मिळालं ना, तर हे उद्यापासून माणसात येतील. नाही मिळालं तर त्या खुर्चीत बसून भिंत बघत बसतील. मला पैशाचं काही नाही. मला त्या भिंतीची भीती वाटते."

विद्यालयाने एक सूचना केली होती. संगणकाच्या स्वतःच्या माइकवर वाद्य नीट ऐकू येत नाही, तेव्हा वेगळा माइक आणि तो संगणकाला जोडणारं, यूएसबीला लावायचं बाहेरचं साउंड कार्ड घ्यावं. दादाचा संगणक तर मुळातच घोरणारा. माइक लावला की आतून सारखी घूं अशी घरघर यायची. म्हणजे साउंड कार्ड घ्यायलाच हवं होतं. आणि निवडायचं म्हटल्यावर सल्लागाराला आमंत्रणाची गरज नव्हती.

दादाने आधी आपल्या जुन्या सोबत्याला विचारलं होतं. तो चेलो, म्हणजे व्हायोलिनचंच मोठं, जमिनीवर टेकवून वाजवायचं भावंड, वाजवायचा आणि घरून ध्वनिमुद्रणाची कामं करायचा. त्याने एक साधी डबी सुचवली होती. पुढे माइकचं भोक, एक गोल बटण, बस.

"दादा, ती डबी म्हणजे धोंडा आहे," सल्लागार म्हणाला. "तिच्यात काही नाही."

"म्हणूनच चांगली, असं तो म्हणतो. आत जाईल तेच बाहेर येईल."

"आत पंख्याची घरघर गेली तर तीही बाहेर येईल. खालून ट्रक गेला तर ट्रक. वहिनीच्या भांड्यांचा खणखणाट. परीक्षकांना काय भांडी ऐकवायचीत? तुझ्या त्या चेलोवाल्याने आयुष्यात एक तरी वस्तू तुलना करून घेतली आहे का?"

"पण तो वाजवतो रे."

"वाजवणं वेगळं, निवडणं वेगळं."

दादा नुसता हसला. लहानपणापासून या धाकट्याच्या तोंडाला लागायचं नाही, असं त्याने ठरवून टाकलं होतं.

सल्लागाराने पंधरवडाभर डोळे फोडून शोध घेतला आणि एक साउंड कार्ड आणलं. काळं, चपटं, हातात वजनदार लागणारं. त्याच्यावर एक हिरवा दिवा होता. तो दिवा लागला की माणसाचा आवाज सोडून जे जे एकसारखं चालू असेल ते सगळं यंत्र आपोआप गाळून टाकायचं. पंखा, ट्रक, घरघर, सगळं साफ. दिवसभर फोनवर बोलणाऱ्या कचेऱ्यांनी त्याची वाखाणणी केली होती. खाली एक बारीक बटण होतं, दिवा बंद करायचं. "याला हात लावायचा नाही," सल्लागाराने बजावलं. "याच दिव्यासाठी आपण हे घेतलंय."

त्याने स्वतः जोडून दिलं. माइकसमोर बसून "हॅलो, हॅलो" म्हटलं, गोदामाचा पत्ता म्हटला, चाकांचे प्रकार म्हणून दाखवले आणि मुद्रण परत लावलं. आवाज असा स्वच्छ की जणू शेजारी बसून बोलतोय. वहिनीने मुद्दाम पंखा लावला, तर पंख्याचा मागमूस नाही. ती थक्क झाली.

"थोडं वाजवून बघू का?" दादा व्हायोलिनच्या पेटीकडे हात नेत म्हणाला.

"वाजवून काय बघायचंय? आवाज तो आवाज. उगाच तारा उतरतील."

दादाने हात मागे घेतला.

चाचणीच्या दिवशी सल्लागार रजा घेऊन आला आणि पडद्यावर दिसणार नाही अशा बेताने कोपऱ्यात बसला. पडद्यावर तीन परीक्षक होते. मधली बाई बोलायला मृदू होती. आधी गप्पा झाल्या, मग जलद तुकडे झाले, ते ठीक गेले. मग तिने लांब सूर वाजवायला सांगितला. दादाने डोळे मिटले आणि गज ओढला. खोलीत तो सूर असा भरला की स्वयंपाकघरात वहिनी हातातलं काम टाकून उभी राहिली.

पडद्यावरच्या तिघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"सर, सूर मधेच तुटतोय," बाई म्हणाली. "सुरू होतो, मग बसतो, मग एकदम हिसका येतो. पुन्हा एकदा?"

दादाने पुन्हा वाजवला, आणखी जपून, आणखी सारखा. बाईच्या कपाळावर आठी पडली. "तुमच्या साउंड कार्डात काही बिघाड तर नाही ना?"

दादाने कोपऱ्याकडे पाहिलं. उत्तर द्यायचं काम त्याचं होतं, दिलं सल्लागाराने. खुर्ची ओढत तो पडद्यासमोर आला आणि म्हणाला, "साउंड कार्ड एक नंबर आहे. मी स्वतः निवडलंय. सरांचं बोलणं तुम्हाला स्वच्छ येतंय ना? मग झालं तर."

बोलणं खरोखरच स्वच्छ येत होतं. बाईने मग त्यांच्याकडचं मुद्रण दादाला ऐकवलं. त्यात दादाचा सूर होता आणि नव्हता. लागायचा, लगेच पातळ व्हायचा, बुडायचा, मग कुठूनतरी हुंदक्यासारखा वर यायचा. दादाने ते शेवटपर्यंत ऐकलं. खोलीत वाजला होता तो सूर वेगळा होता, हे त्याच्या कानांना ठाऊक होतं. पण शिष्यांना तो जन्मभर हेच सांगत आला होता, की आपलं वाजवणं आपल्या कानाला नेहमी गोडच लागतं, त्या कानावर विश्वास ठेवू नये. त्याने आपलीच शिकवण आपल्याला लावली.

"वय झालं," तो परीक्षकांना म्हणाला. "हात राहिला नाही. तुमचा वेळ घेतला."

घरी जाताना सल्लागाराला वाईट वाटलं, खोटं कशाला बोला. पण त्या वाईट वाटण्याच्या बुडाशी एक समाधानही होतं. यंत्राने आपलं काम चोख केलं होतं. वाटेत बायकोला फोन करून तो म्हणाला, "काय आहे, चांगलं यंत्र लपवाछपवी करत नाही. जे आहे ते दाखवतं."

पुढच्याच आठवड्यात दादाने साउंड कार्ड पुसून, वायर गुंडाळून परत दिलं. त्याच महिन्यात व्हायोलिन विकलं, कोणा परगावच्या माणसाला, परत मागता येऊ नये म्हणून. वहिनी चेलोवाल्याला बोलावते म्हणाली तर दादाने हात जोडले. डॉक्टरांनी त्याची बोटं पाहिली, मनगट पाहिलं, काही नाही म्हणाले. दादाला ते पटलं नाही. डॉक्टरांना काय कळतंय, मी स्वतः ऐकलंय, असं तो म्हणे. कप उचलताना तो दुसरा हात खाली धरू लागला.

सल्लागाराकडे ते साउंड कार्ड कपाटात पडून होतं. पुढे त्याने ते आपल्या संगणकाला लावलं आणि दूर राहणाऱ्या मुलीशी त्यावरून बोलू लागला. एका रविवारी मुलगी म्हणाली, "बाबा, आज घरात इतकं शांत कसं? एरवी फोनवर तुमच्या मागे ते धुण्याचं मशीन सारखं केकाटत असतं."

"चालूच आहे की."

"मला तर अजिबात ऐकू येत नाहीये."

सल्लागार हसला. साउंड कार्डाची करामत सांगायला त्याने तोंड उघडलं. "जे जे एकसारखं चालू असतं ना, ते सगळं हे यंत्र..." एवढं बोलला आणि थांबला. मुलगी हॅलो हॅलो करत राहिली. त्याने फोन येतोय असं काहीतरी सांगून बोलणं बंद केलं.

मग त्याने मोबाइलवर कुठलंसं व्हायोलिन शोधलं, लांब सुराचं, आणि मोबाइल माइकसमोर धरून मुद्रण केलं. परत लावलं. सूर लागला, पातळ झाला, बुडाला, हुंदक्यासारखा वर आला. त्याने खालचं बारीक बटण दाबलं. हिरवा दिवा विझला. पुन्हा मुद्रण केलं, आणि सूर या टोकापासून त्या टोकापर्यंत अखंड आला, मागे धुण्याच्या मशीनच्या घरघरीसकट. गाण्यातलं न कळणाऱ्या त्या माणसाला एवढं मात्र त्या क्षणी नीट कळलं. दादाचा हात जितका स्थिर होता, तितका त्याचा सूर यंत्राला पंख्याच्या घरघरीसारखा वाटला. हात खरंच थरथरत असता, तर सूर पलीकडे पोचला असता.

बायको मशीनमधले कपडे काढायला आली तर हा डोकं धरून बसलेला. त्याने तिला सगळं सांगितलं. तिने हातातली टोपली खाली ठेवली.

"जा आणि दादांना सांगा," ती म्हणाली. "आत्ताच्या आत्ता."

"व्हायोलिन तर विकलं ना त्याने. आता सांगून काय होणार?"

"त्यांना कळेल तरी, की चूक त्यांच्या हाताची नव्हती."

"मग कोणाची होती, ते पण कळेल," तो म्हणाला. बायकोने त्याच्याकडे अशी नजर टाकली की तो उठला आणि चपला घालून निघाला.

वाटभर त्याने वाक्यं जुळवली. सुरुवातीला यंत्र बनवणाऱ्यांना दोष द्यायचा, मग विद्यालयाला, की त्यांनी नीट सांगायला नको का, आणि शेवटी हळूच आपल्यावर यायचं. दादा दोन दिवस अबोला धरेल. वहिनी कदाचित कायमचा धरेल. पण सांगायचं, एवढं त्याने दाराची बेल वाजवेपर्यंत नक्की केलं होतं.

दार वहिनीने उघडलं. दादा खुर्चीत होता, भिंतीकडे तोंड करून. सल्लागाराला पाहून त्याला बरं वाटलेलं दिसलं.

"ये, ये. तुझीच आठवण काढत होतो. काम आहे तुझ्याकडे."

"दादा, आधी माझं ऐक. मला तुला एक सांगायचंय. त्या साउंड कार्डाचं..."

"ते राहू दे रे. मी तुला कधी बोललो नाही, आज बोलतो. तू ते यंत्र आणलंस म्हणून मला खरं कळलं. त्या चेलोवाल्याची डबी घेतली असती तर कदाचित खपून गेलो असतो, आणि मग पोरांना तसल्या हाताने शिकवत बसलो असतो. त्यापेक्षा हे बरं. तू केलंस ते चांगलंच केलंस."

सल्लागाराच्या ओठावर आलेलं वाक्य तिथेच राहिलं. दादाने समोरचा पेला उचलायला हात पुढे केला. हात थरथरत होता. दाखवायला नाही, खरोखर. पेल्यातलं पाणी काठावरून दादाच्या गुडघ्यावर सांडलं आणि वहिनी फडकं घेऊन आली. दादाच्या हनुवटीवर, गालावर दाढी करताना कापल्याच्या बारीक खुणा होत्या.

"हे बघ ना," दादा गालावर बोट ठेवत म्हणाला. "वस्तरा आता झेपत नाही. विजेवर चालणारं मशीन घ्यावं म्हणतो. तुझ्याइतकं त्यातलं कोणाला कळतंय? दे एखादं निवडून."

वहिनी फडकं हातात धरून सल्लागाराकडे बघत होती. मघाशी त्याने वाक्य कुठे सोडलं ते तिच्या लक्षात आलं होतं. "भाऊजी, तुम्ही काहीतरी सांगत होतात ना, साउंड कार्डाचं?"

सल्लागाराने तिची नजर चुकवली. आता हात खरंच गेलाय, मग सांगून उपयोग काय, असं त्याने स्वतःला पटवलं. पटायला वेळ लागला नाही.

"काही नाही, वहिनी. चांगलं चाललंय, एवढंच सांगत होतो," तो म्हणाला, आणि खुर्ची दादाजवळ ओढून त्याने विचारलं, "दाढी रोज करतोस, की एक दिवसाआड?"