डावीकडे झुकलेलं सूप

मुलांनो, जगात वस्तू पाहणारी माणसं पुष्कळ; वस्तू बाजूला सारून तिचा नुसता आकार पाहणारा माणूस मला एकच भेटला, आणि तो इथे सावली गावातच, आमच्या कुंपणापलीकडे राहतो. तुमच्या आजोबांचे हे मित्र शाळेत विज्ञान शिकवत. निवृत्तीनंतर वर्ग उरला नाही, म्हणून ते मला शिकवतात. वरणात मीठ घालायला डबा उघडावा, तर कुंपणावरून भिंग पुढे येतं. "वहिनी, थांबा जरा. या खड्याले चौकोनी व्हायले कोनं सांगतलं?" तोवर वरण उतू जातं. एक ग्रीक गुरू म्हणे, खरा आकार या जगात नसतोच. त्याचा शिष्य म्हणे, तो वस्तूतच असतो. हे भांडण सरांनी भाजीवालीलाही समजावलं. ती म्हणाली, "भाऊ, दोडके घेता का नाई, ते सांगा."

या वेडाला गंभीर वळण लागलं ते ताराबाईंमुळे. आमच्या भागात बांबूची सुपं विणणाऱ्या त्या शेवटच्याच. अर्धांगाचा झटका येऊन त्यांचा डावा हात अधू झाला. तरी विणत होत्या, पण शिकून घेणारं घरात कोणी नव्हतं. सर हादरले. "बाईसंगं सुपाचा आकारच जाईन," म्हणत ते फूटपट्टी, कोनमापक घेऊन त्यांच्या अंगणात ठाण मांडून बसले. वही भरली. वहीबरहुकूम सूप विणलं. पाखडून पाहिलं, तर कोंड्याबरोबर धानही जमिनीवर. ताराबाईंच्या डोळ्यांत हसून हसून पाणी आलं. "मास्तर, वहीत काय पाहून राह्यले? धान कसं उडते ते पाहा, मंग काडी वाकवा."

वही मिटली. उन्हाळाभर सर त्यांच्या शेजारी बसून, त्यांच्या हातांकडे पाहत विणत राहिले. बोटं सोलवटली, सात सुपं चुलीत गेली. आठवं ताराबाईंनी उजव्या हातानं मांडीवर टेकवून झटकलं. कोंडा उडाला, धान राहिलं. "झालं बापा," एवढंच त्या बोलल्या. पावसाळा संपायच्या आत त्या गेल्या.

ते सूप सरांनी मला दिलं. मला सगळं सरळ लागतं, हे तुम्ही जाणताच. मी म्हटलं, "सर, डावा काठ खाली आलाय."

"सुपाचा आकारच तसा राह्यते, वहिनी."

मी माळ्यावरून ताराबाईंचं जुनं, झटक्याआधीचं सूप काढून शेजारी ठेवलं. त्याचे दोन्ही काठ अगदी सारखे. सर बराच वेळ दोन्हींकडे पाहत राहिले. मग त्यांनी आपला डावा हात उलटसुलट करून पाहिला. तो चांगला धडधाकट आहे. आकार शिकता शिकता त्यांनी ताराबाईंचा अधू हातही शिकून घेतला होता.

"सरळ करून देऊ का?" त्यांनी हळूच विचारलं.

तुमच्या वह्यांच्या समासालाही पट्टी लावून पाहणारी मी, पण सूप उचलून छातीशी धरलं आणि म्हणाले, "नको. असू द्या वाकडंच."