ऑर्व्हलचं मुंगूस

माझ्या धाकट्या भावाने, ऑर्व्हल टॅकेटने, आयुष्यात काहीच केलं नाही असं लोक म्हणतात. साफ खोटं आहे. त्याने धूर दळायची चक्की केली. लाकडाचा एक ठोकळा, त्यात आडवे-उभे सरकणारे दोन तुकडे आणि वर फिरवायला दांडा. दांडा फिरवला की तुकडे इकडून तिकडे सरकायचे. बस्स, एवढंच. गिऱ्हाईक बराच वेळ फिरवून विचारायचं, "याने होतं काय?" आणि हा गंभीर चेहरा करून सांगायचा, "धूर दळता येतो. धूर तेवढा तुमचा तुम्ही आणा." आमच्या घरात असल्या चक्क्या प्रत्येक खिडकीत होत्या. मक्याचं पीठ मात्र मी दुकानातून विकत आणायची.

मिसुरीच्या डोंगरात पॉटर्स फोर्क नावाचं आमचं गाव. दोन रस्ते फुटतात तिथे ऑर्व्हलचा पेट्रोलचा पंप, आणि टेकडीवर आमचं घर. आईबाप गेले, माझं लग्न झालं नाही, त्याचं होईना. घर मी सांभाळलं. म्हणजे असं, की ज्या ज्या वस्तूला हात लावायचा ती आधी तपासायची. पेल्याला काठाखाली बारीक भोकं पाडलेली, पाणी पितापिता गळा ओला. खुर्चीच्या गादीखाली सायकलच्या ट्यूबची पिशवी, बसलं की पाव्हण्यांसमोर अब्रूचे धिंडवडे. माझ्या पांढऱ्या टेबलक्लॉथवर शाईची दौत लवंडलेली, मी बोंब मारत धावावं, तर तो डाग पत्र्याचा, रंगवलेला. एकदा मी वळले तेवढ्यात माझ्याच धिरड्याच्या पिठात त्याने फ्लॅनेलच्या कापडाचा गोल तुकडा बुडवला, आणि ते धिरडं पाद्रीबुवांच्या ताटात गेलं. सुटता सुटेना, तरी बिचारे "फारच छान, लिओटाबाई" म्हणत अर्धा तास चावत होते. मी शरमेने अर्धमेली झाले. "पुरे कर रे मेल्या," असं मी रोज म्हणायची. त्याच्या कानांचा उपयोगही धुराच्या चक्कीइतकाच.

आणि मग ते मुंगूस. पंपावर आलेल्या माणसाला ऑर्व्हल आधी थंड सोडा द्यायचा, मग हळूच म्हणायचा, "मागे मुंगूस आहे. हिंदुस्थानातलं. साप खातं." हिंदुस्थानात म्हणे ही जनावरं परसात फिरतात. आमच्याकडे कुणी बापजन्मी पाहिलेलं नव्हतं, म्हणून तर धंदा चालला. लाकडाची पेटी, अर्ध्यावर जाळी, अर्ध्यावर झाकण, आणि झाकणाखालून डोकावणारी केसाळ शेपटी. "झोपलंय. जवळ या, पण आवाज नको." माणूस वाकला की हा खिट्टी दाबायचा. धाडकन झाकण उडायचं आणि कोल्ह्याची ती शेपटी स्प्रिंगच्या जोराने थेट तोंडावर. पेंडीच्या दुकानाचा मालक एल्मो ग्रब्ज असा काही मागे पळाला, की त्याची वरची कवळी आधी आणि तो नंतर अशा क्रमाने दोघं रस्त्यावर आले. कवळीवरून ट्रक गेला. एल्मोने ते कधी विसरलं नाही, आणि मी त्याला दोष देत नाही.

मला जन्मात एकच गोष्ट हवी होती. या माणसाचं लग्न व्हावं, त्याने आपली ट्यूब, शेपटी, स्प्रिंगा घेऊन दुसऱ्या कुणाच्या तरी घरी जावं, आणि मला एकदा, फक्त एकदा, न तपासता साखरेचं भांडं उघडता यावं. पण देणार कोण मुलगी? गावातल्या प्रत्येक बाईला त्याने शाळेपासून कधी ना कधी किंचाळायला लावलेलं. त्याने फुलं पुढे केली तर त्या आधी काठीने हलवून बघायच्या.

युद्ध संपून पाच-सात वर्षं झाली असतील, तेव्हा टपालाच्या खिडकीवर आयव्हा पर्डी आली. बाहेरगावची, विधवा, चाळिशीची, ताठ. हसायची नाही, रागवायची नाही. तिकीट लावून द्यायची. ऑर्व्हल पहिल्याच आठवड्यात आपलं पाकीट घेऊन हजर. पाकिटावर लिहिलेलं, "खुळखुळ्या सापाची अंडी. गार जागी ठेवा." आता शेपटी खुळखुळवणारा हा विषारी साप अंडी घालतच नाही, सरळ पिल्लं घालतो, हे आमच्याकडचं शेंबडं पोरगंही जाणतं. तरी आजवर प्रत्येक शहाण्याने ते पाकीट उघडलेलं. आत तारेच्या कमानीला रबराने पीळ देऊन बसवलेलं बटण. उघडलं की असं खर्रर्र खडखडतं की हातपाय गार होतात.

आयव्हाने उघडलं. खर्रर्र झालं. टपाल घ्यायला आलेल्या दोन बायका दाराबाहेर. आयव्हाने पापणीही हलवली नाही. बटण शांत होईपर्यंत बघितलं आणि पाकीट परत दिलं. "रबर जुनं झालंय, टॅकेट. बदला. पुढचं गिऱ्हाईक."

ऑर्व्हल घरी आला तो जेवलाच नाही.

"काय झालं? पोट बिघडलं?" मी विचारलं.

"ताई, ती दचकली नाही."

"मग चांगलंच झालं की. जगात एक तरी अक्कलवाली निघाली."

"रबर जुनं झालंय म्हणाली." आणि असा हसला, की माझ्या हातातला डाव तसाच राहिला. बाई गं, म्हटलं, हा तर प्रेमात पडला!

आता पुरुष प्रेमात पडला की केस विंचरतो, बूट पुसतो. आमच्याने काय केलं? टपालाच्या खिडकीसमोर जमिनीला नाणं ठोकलं. साबणाची बर्फी नेली. रंगवलेली शाई नेली. आयव्हाने नाणं खिळेकाढ्याने उपटून परत दिलं, बर्फीने हात धुतले, शाईचा पत्रा कागदावर वजन म्हणून ठेवला. शेवटी त्याने सगळं सोडून सरळ तोंडाने विचारलं, माझ्याशी लग्न कराल का. हे मला त्यानेच सांगितलं, पायरीवर बसून, मान खाली घालून.

"काय म्हणाली?"

"म्हणाली, माझा नवरा एका सकाळी लाकडं तोडायला गेला. जाताना कॉफी गरम ठेव म्हणाला. झाड अंगावर पडलं. दारात माणसं आली तेव्हा जेवढं दचकायचं तेवढं मी दचकून घेतलं, टॅकेट. आता माझ्यात दचकणंही नाही आणि हसणंही नाही. तुमच्यासारख्या माणसाने माझ्याशी लग्न करून करायचं काय?"

मी आतून त्याचं ताट आणून पायरीवर ठेवलं, टोमण्याशिवाय. माझ्या बाबतीत हे क्वचित होतं.

ऑर्व्हलने मुंगसाच्या पेटीवर पोतं टाकलं. गिऱ्हाइकाला नुसतं पेट्रोल द्यायला लागला. माझं पाणी पेल्यातून सरळ तोंडात जायला लागलं. मला आनंद व्हायला हवा होता. पण घरात एक माणूस भिंतीकडे बघत बसला असेल तर असल्या शांततेचं काय लोणचं घालायचं?

अशात एक दिवस आयव्हा आमच्या दारात. जुन्या फरचा तुकडा आहे का म्हणाली, हातमोजे दुरुस्त करायचेत. ऑर्व्हलचं नाव नाही, गाव नाही. मी माझ्या जुन्या कोटाची कोल्ह्याची कॉलर उसवून दिली. म्हटलं, निदान बोलणं तरी राहील. जाता जाता ती म्हणाली, "शनिवारी चर्चमध्ये माझ्या खोक्याला हिरवी फीत असेल. हे कुणाला कळू द्यायचं नसतं, ठाऊक आहे ना?" मी म्हटलं, "छे छे, मी कशाला कुणाला सांगतेय!" आणि ती फाटकाबाहेर पडायच्या आत पंपाकडे धावत सुटले.

चर्चच्या छपरासाठी आमच्याकडे खोक्यांचा लिलाव होतो. बायका बुटाच्या खोक्यात जेवण भरतात, वरून सजवतात, खोकं कुणाचं ते गुपित ठेवतात. पुरुष बोली लावतात. जिंकेल त्याने त्या बाईबरोबर बसून जेवायचं. आणि एखाद्याचा जीव एखाद्या खोक्यात अडकलाय असा नुसता वास आला, की बाकीच्यांनी भाव चढवून त्याला रडवायचं, हीसुद्धा रीतच आहे.

पाद्रीबुवांनी हिरव्या फितीचं खोकं उचललं आणि ऑर्व्हलचा चेहरा फितीपेक्षा हिरवा झाला. एल्मो ग्रब्जला तेवढं पुरे होतं. नव्या कवळीतून त्याने बोली दिली. ऑर्व्हलने वाढवली. मग पेल्याने भिजलेला उठला, गादीवर बसलेला उठला, सगळा गाव उठला. प्रत्येकाने आपापला जुना हिशेब त्या एका खोक्यावर चुकता केला. ऑर्व्हलने खिसे उलटे केले आणि वर बापाचं घड्याळ काढून ठेवलं. "भाऊ, दात काय भाव पडले?" एल्मो म्हणाला आणि खाली बसला. खोकं ऑर्व्हलचं झालं.

आता गंमत बघा. खोकं आयव्हाचं, स्वयंपाक आयव्हाचा. पण ऑर्व्हल टॅकेट पेटी उघडतोय म्हटल्यावर अख्खं चर्च सवयीने उठून भिंतीला लागलं. मीसुद्धा! मधे उरली ती दोघंच. तो फीत सोडवतोय आणि ती हात मांडीवर ठेवून समोर बसलीय.

त्याने झाकण उचललं. धाडकन काहीतरी उडालं, केसाळ, लाल, आणि थेट त्याच्या नाकावर. ऑर्व्हल किंचाळला. किंचाळला म्हणजे काय, लहान पोरीसारखा, "ताईऽऽ!" म्हणून किंचाळला आणि बाकासकट मागे उताणा. त्याच्या छातीवर माझ्या कोटाची कॉलर.

मग एक विचित्र आवाज आला. आयव्हाचा. मला वाटलं हिला काहीतरी होतंय. तिने टेबल धरलं, मग टेबल सुटलं, आणि ती हसली. डोळ्यांतून पाणी, तोंडातून शब्द फुटेना, पुन्हा त्याच्याकडे बघायची आणि पुन्हा हसायची. ऑर्व्हल जमिनीवर पडल्या पडल्या तिच्याकडे असा बघत होता, की मी तोंड फिरवलं. थोड्या वेळाने तिला बोलता आलं. "रबर नवीन होतं," ती म्हणाली. त्या रबराखाली तळलेली कोंबडी होती, दोघांनी ती जमिनीवर बसूनच खाल्ली.

लग्न झालं. टपालाच्या मागच्या खोल्यांत ऑर्व्हल राहायला गेला, सगळ्या चक्क्या गाडीत घालून. मी दार लावलं, पाणी प्यायले, खुर्चीवर बसले, साखरेचं भांडं उघडलं. साखर होती.

मग मला शंका आली. एवढा चाळीस वर्षांचा भामटा, जाताना काही पेरल्याशिवाय जाईल? मी उशीची खोळ उलटी केली. पिठाचा डबा ओतला. घड्याळाच्या मागे, बुटांत, बायबलमध्ये, सगळीकडे हात घालून पाहिला. दोन दिवस शोधलं. काही नाही. तिसऱ्या दिवशी मी अंथरुणावर बसून चक्क रडले, आणि मग माझ्या अंगाचा असा तिळपापड झाला की स्कार्फही न बांधता तरातरा टेकडी उतरले.

तो पंपावर मुंगसाला तेल घालत होता.

"काय रे," मी म्हटलं, "गावातल्या यच्चयावत गाढवाला दचकवलंस. माझ्यासाठी एक बटण ठेवता आलं नाही तुला? एक टाचणी? मी काय इतकी परकी झाले?"

तो गोंधळून बघत राहिला. मी त्याला हसू फुटायची वाट बघितली. फुटलं नाही.

"ताई, तूच रोज म्हणायचीस ना, पुरे कर," तो म्हणाला. "म्हटलं, जाताना तरी तुझं ऐकावं."

घ्या! जन्मात पहिल्यांदा माझं ऐकलं मेल्याने, आणि तेही नको तेव्हा.

रविवारी दोघं जेवायला येणार आहेत. माझ्या फ्लॅनेलच्या झग्याची बाही मी कापलीय, गोल, धिरड्याच्या मापाची. चाव म्हणावं आता.