झाक तो कागद

ब्राह्मणपुरीच्या बसथांब्यावर मिरच्या विकणाऱ्या एका बाईला वाचता येत नव्हतं. तिची मुलगी फवारणीच्या औषधाचा कागद घडाघडा वाचत होती आणि मी, मराठीचा मास्तर, कौतुकानं ऐकत होतो. बाईनं कागदावर तळहात ठेवला.

"झाक तो. आते आपली भाषामा सांग."

मुलगी अडली. बाईनं कागदावरून हात उचलला. मुलीनं पुन्हा वाचलं, पुन्हा अडली. तिसऱ्या खेपेला म्हणाली, "माय, वारा ऱ्हायना ते फवारानं नही."

वारा असला तर फवारायचं नाही, हे कळून बाईनं मान डोलावली.

दुसऱ्याच दिवशी वर्गात धडा वाचून झाल्यावर मी पुस्तकं मिटायला लावली. "आता अहिराणीत सांगा." मग मागून एक हात वर आला.

"सर, माले समजनं नही. परत वाचू?"

शिकवण्याच्या वीस वर्षांत हे कुणीतरी पहिल्यांदाच विचारलं. मी एकट्यानंच टाळ्या वाजवल्या.