नववा फोटो

आमचे बाबा, तातेराव, नांदेडकडून हैदराबादला आले आणि नामपल्लीच्या एका सरकारी कचेरीतून क्लार्क म्हणून रिटायर झाले. माणूस सज्जन, पण काटकसरीचा कहर. संपत आलेला साबण नव्या वडीला चिकटवायचे. अशा माणसाला मित्राने दुबईहून कॅमेरा आणून दिला. लांबट, चपटा, रीळ प्लास्टिकच्या बंद डबीतच यायचं, डबी आत बसवली की झालं. अंधार असला तर फ्लॅश आपोआप पडायचा.

त्या कॅमेऱ्यात कचेरीचे साहेब आले, त्यांचा निरोप समारंभ आला, शेजाऱ्यांची स्कूटरसुद्धा आली. आमची आई, मालनबाई, कधी आली नाही. ती चहा करत असायची. शेवटी एकदा तीच म्हणाली, "माझा बी एक काढा की." बाबांनी तिला शेगडीपाशीच उभं केलं. भर दुपारी फ्लॅश पडला. आमच्या अंबरपेठच्या स्वयंपाकघरातला अंधार कॅमेऱ्याला एका क्षणात कळला, बाबांना अठरा वर्षांत कळला नव्हता. मी दहावीत होते, दारातून बघत होते. आई हसली होती.

बारांपैकी तो नववा फोटो. "तीन बाकी आहेत. रीळ संपू दे, मग देऊ धुवायला," बाबा म्हणाले. दीड महिन्यात आई काविळीने गेली. पुढे कुणाचा फोटो काढावा असं बाबांना वाटलंच नाही, म्हणून रीळ संपलं नाही, म्हणून धुवायलाही गेलं नाही. भिंतीवर आईचा रेशनकार्डावरून मोठा केलेला फोटो लागला. त्यात ती कुणीही असू शकते.

यंदा तिचा पंचविसावा स्मृतिदिन. बाबा आपणहून म्हणाले, "आता देऊन टाकू धुवायला." माझ्या भावाने, अनिरुद्धने, बंगळुरूची एक लॅब शोधली. कुरिअर करायला त्याने कॅमेऱ्यातून डबी बाहेर काढली, गॅलरीच्या उन्हात तळहातावर धरली आणि मोबाइलने तिचे फोटो घेतले. "विंटेज पीस आहे, दोस्तांना दाखवतो." मी ओरडले, तर म्हणाला, "नक्को टेन्शन घेऊ, रीळ तर डबीत बंद आहे ना."

त्याचं अगदीच चूक नव्हतं. आतलं सगळं झाकलेलं असतं. फक्त शेवटचा काढलेला फोटो डबीच्या खिडकीत उघडा राहतो, रीळ पुढे सरकवेपर्यंत. बाबांनी ते सरकवलं नव्हतं.

आठ फोटो आले. रंग उडाले होते, पण साहेब ओळखू आले. स्कूटरचा नंबरही वाचता आला. नववा कागद कोरा पांढरा होता. बाबांनी तो चष्मा पुसून दोनदा पाहिला आणि तेव्हापासून ते अनिरुद्धशी बोलत नाहीत. मला त्याचा राग आला, पण पंचवीस वर्षांचा राग काही त्याच्यावर नव्हता.

स्मृतिदिनाला आम्ही रेशनकार्डाच्याच फोटोला हार घातला. पाहुणे गेल्यावर मी बाबांना विचारलंच, "ते उरलेले तीन फोटो कुणाचे काढायचे होते?"

हाराचा उरलेला दोरा त्यांनी बोटाला गुंडाळून ठेवला. मग म्हणाले, "कुणाचेच नाही, बाई. रीळ वाया जाऊ नये म्हणून."